चुकल्या-चुकल्यासारखं: ‘मिस’ या शब्दास खुले पत्र

रामटेक,
आषाढ शुद्ध प्रतिपदा

‘मिस’ या शब्दास,

नमस्कार लिहीत नाही. ज्याच्यावर आरोप ठेवायचा त्यालाच आधी हात जोडायचे, हे मला जमत नाही. तीस वर्षं मी मराठी शिकवलं. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची सवय हाताला अजून आहे. आज ती रेघ तुझ्याखाली ओढते आहे.

आरोप सरळ आहे. आमच्या घरात तुला ओसरी दिली, तर तू पाय पसरत माजघरापर्यंत आलास. वाटेत दहा-बारा शब्दांना हाताला धरून बाहेर काढलंस. त्या सगळ्यांच्या जागा अडवून बसलास, आणि त्यांच्यातल्या एकाचंही काम तुला धड येत नाही.

उगाच बोलत नाही. मागच्या माघात आमचे हे गेले. मनसरच्या मँगनीज खाणीवर हजेरीचं काम करून निवृत्त झालेला साधा माणूस. संध्याकाळी पानठेल्यावरून पानं आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवायची, रात्री जेवणं झाली की एक पान स्वतःला, एक मला. रामटेक हे बरई लोकांच्या पानमळ्यांचं गाव, त्यामुळे पानाच्या बाबतीत त्यांचा हट्ट असायचा. पिवळं पडलेलं पान ते नुसत्या बोटाच्या स्पर्शानं ओळखत आणि बाजूला काढत.

जाण्याच्या तीन दिवस आधी संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा अमेरिकेत, ऑस्टिनला. इथे दिवेलागण, तिकडे सकाळ. फोन वाजत राहिला आणि बंद झाला. यांनी फोन खाटेवर ठेवला, अडकित्ता हातात घेतला आणि म्हणाले, “कामात असन.” बस. त्यानंतर तो विषय निघाला नाही. तिसऱ्या रात्री छातीत कळ आली. नागपूरला नेलं, पण सकाळ दिसली नाही.

मुलगा आला, तेरावं करून परत गेला. तिकडे पोचल्यावर आठ दिवसांनी त्यानं मला निरोप पाठवला. तो मी इथे जसाच्या तसा उतरवते: “आई, त्या दिवशी बाबांचा कॉल मिस झाला. आय मिस हिम.”

दोन वाक्यांत तू दोनदा आलास. पहिल्यांदा फोन मिस झाला, दुसऱ्यांदा बाप. माझ्या मुलाचं दुःख खरं आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तो रडत होता हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या दुःखाला बोलायला तू जी जीभ दिलीस ती बोबडी आहे. म्हणून हे पत्र त्याला लिहीत नाही, तुला लिहिते आहे.

आधी तो फोन घे. मराठीत लिहायचं म्हटलं असतं तर माझ्या मुलाला थांबून निवड करावी लागली असती. फोन आल्याचं कळलंच नाही? वाजताना ऐकला, पण हातातलं काम सोडवेना? नंतर करू म्हणून ठेवला आणि करायचा राहून गेला? की आता नको, असं म्हणून टाळला? कळलं नाही, जमलं नाही, राहून गेलं, टाळलं. ही चार वेगवेगळी माणसं आहेत. पहिल्याला दोष नाही. दुसऱ्याला ओढाताण आहे. तिसऱ्याला जन्मभराची चुटपुट आहे. चौथ्याला कबुली द्यावी लागते. तू ही चारही दारं एकदम लावून घेतलीस आणि पाटी टांगलीस: ‘मिस झाला’. कोणी केला? कोणी नाही. कसा झाला? झाला. पाऊस पडावा तसा फोन मिस झाला!

आमच्याकडे एक क्रियापद आहे, ‘चुकणे’. त्याचं कसब बघ. आमच्या बसस्थानकावर कोणीही म्हणेल, “नागपूरची गाडी चुकली.” इथे धावपळ केलेला माणूस दिसतो, नशीब आडवं आलेलं दिसतं. तोच म्हणाला, “गाडी चुकवली,” तर त्याच्या मनात काहीतरी होतं. “गाडी सोडली” म्हणाला, तर गर्दी होती आणि त्यानं मागच्या गाडीनं जायचं ठरवलं. एका ‘व’नं दोष कोणाच्या पदरात टाकायचा ते ठरतं. काम चुकवतात, नजर चुकवतात, कर चुकवतात. ‘चुकणे’ आणि ‘चुकवणे’ यांच्यामध्ये अख्खी नीती उभी आहे. तुझ्याकडे बस, काम आणि नजर यांना एकच माप. म्हणून तर तू कामचुकारांना आवडतोस. “सर, मीटिंग मिस झाली” म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

‘हुकणे’ वेगळं. तिथे अंतर थोडं असतं. नेम हुकतो, संधी हुकते, पहिला नंबर दोन गुणांनी हुकतो. ‘मुकणे’ त्याहून वेगळं. तिथे आधी हक्क होता, आपलं काहीतरी होतं, आणि ते गेलं. माणूस डोळ्याला मुकतो, लेकरू आईच्या मायेला मुकतं. बस हुकली म्हणता येईल, पण बसला कोणी मुकत नाही. हे सहावीतल्या पोराला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या कानात बसलेलं असतं. किंवा असायचं. शिकवायचं सोडायच्या आधीच्या दोन वर्षांत मी वहीत वाचलं: “त्याचे वडील अपघातात वारले, म्हणून तो वडिलांना मिस झाला.” पोराला ‘मुकला’ म्हणायचं होतं. मी शब्द खोडला, वर ‘मुकला’ लिहिलं. त्यानं विचारलं, “म्हणजे बोलता येत नाही असा का, बाई?” तो ‘मुका’शी गाठ घालत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणि चुकलेलं लेकरू? आमच्या गडाखाली त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा भरते. दरवर्षी भोंग्यावरून पुकारा होतो, लाल झबल्यातली पोरगी चुकली आहे, जिची असेल तिनं घेऊन जावी. चुकली म्हणजे हरवली नाही, पळवली नाही, बेपत्ता नाही. वाट चुकली, माणसं चुकली, सापडणार आहे. त्या एका शब्दात आईला धीर आहे. उद्या भोंग्यावरून ‘एक मुलगी मिसिंग आहे’ असं ऐकू आलं, तर त्या माउलीच्या पायाखालची जमीन सरकेल.

आता दुसरं वाक्य. आय मिस हिम. इथे तुझा गुन्हा मोठा आहे.

या वाक्यात करणारा ‘मी’ आहे. मी मिस करतो. जणू मिस करणं हे काम आहे, दात घासल्यासारखं, मनात आलं की करावं. मराठीत माणूस हे करत नाही, त्याला ते होतं. मला करमत नाही. मला आठवण येते. मला सुनं सुनं वाटतं. माझा जीव लागत नाही. दर वेळी ‘मला’, ‘माझा’. ‘मी’ कुठेच नाही. आठवण दारातून येते, विचारून येत नाही, आणि आली की आपण फक्त जागा देतो. आमच्या नागपुरी बोलीत तर सरळ म्हणतात, “याद येऊन राह्यली,” “करमून नाही राह्यलं.” ते ‘राह्यली’ ऐक. आली आणि गेली असं नाही, ती येतच आहे, थांबलेलीच नाही. तुझं ‘मिस करतो’ हे याच्यासमोर रबरी शिक्क्यासारखं आहे.

जगात आम्हीच असे आहोत असंही नाही. फ्रेंच माणसाला हेच सांगायचं असतं तेव्हा तो वाक्य उलटं करतो. उणा असतो तो दूरचा माणूस, आणि ज्याला उणं वाटतं तो मागे उभा राहतो. हिंदीतही याद ‘आती’ है. तुझ्या स्वतःच्या घरी, इंग्रजीतही, तू मुळात निशाण हुकण्याचा शब्द. कोणाची उणीव भासण्याचा अर्थ तुला पुढे चिकटला. झुरण्याला तिथे ‘पाइन’ आहे, ओढीला ‘लाँगिंग’ आहे. स्वतःच्या घरात तू कोपऱ्यात बसणारा आणि आमच्या घरात येऊन पाटलाच्या खुर्चीवर बसलास.

आणि आमच्याकडे आठवण किती तऱ्हेनं चालते! ती येते, ती होते, ती काढली जाते, ठेवली जाते, करून दिली जाते. ‘आठवण येते’ म्हणजे मला, एकटीला. ‘आठवण काढतात’ म्हणजे चार माणसं बसली आहेत, ताटं वाढली आहेत, आणि कोणीतरी म्हणतं, आज ते असते तर दुसऱ्यांदा वरण मागितलं असतं. आठवण काढली की ज्याची काढली त्याला उचकी लागते, असं आम्ही मानतो. उचकी लागलेल्या माणसाला पाणी देताना आम्ही नावं घेतो, कोणाच्या नावानं थांबते ते बघायला. दोन टोकांना दोन माणसं आणि मध्ये ही उचकी. तू कोणाला आजवर उचकी लावली आहेस?

एक गोष्ट मात्र मला लिहिता लिहिता उमगली, ती लपवत नाही. चुकणं आणि उणीव भासणं या दोन्हींचं नातं मराठीतही आहे. माणूस गेल्यावर घरात ‘चुकल्या-चुकल्यासारखं’ वाटतं. क्रियापद तेच, बस चुकते तेच. पण ते दोनदा उच्चारायचं आणि पुढे ‘सारखं’ लावायचं. काय चुकलं ते सांगता येत नाही, चुकलंच आहे असंही नाही, पण पाय त्या खोलीत जातो आणि थांबतो. परवा मी पानठेल्यावर गेले. ठेलेवाल्यानं नेहमीसारखी पानं मोजली, आणि अर्ध्यात हात थांबवून माझ्याकडे बघितलं. तो किती द्यायची ते विचारत होता. मी म्हटलं, “तेवढीच दे.” घरी आणून फडकं ओलं केलं, पानं गुंडाळली, डब्यात ठेवली. तीन दिवसांनी वरची पिवळी पडली. मी ती बोटानं चाचपली, तसं मला काही कळलं नाही, डोळ्यांनीच बघावं लागलं. ही खोली, हा डबा, हे मला न कळलेलं पिवळेपण, हे सगळं ‘चुकल्या-चुकल्यासारखं’मध्ये मावतं. तुझ्यात मावत नाही.

आणि तू हे करतोस कुठे, तर रामटेकात! या गावची तुला ओळख नसावी, म्हणून सांगते. माझ्या ओसरीवरून गड दिसतो. मेघदूतातला शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. मल्लिनाथाच्या मते तो चित्रकूट होता. पण जवळच्या नगरधनला, म्हणजे नंदिवर्धनाला, वाकाटकांची राजधानी होती. द्वितीय चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता नवऱ्यामागे राज्य सांभाळत होती, आणि तिच्या ऋद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीच्या पायांचा उल्लेख आहे. आम्हाला पुरेसं आहे. गडावर कालिदासाचं स्मारक आहे. १९९७ साली त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ इथे उभं राहिलं.

त्या काव्यात घडतं काय? एका नोकरानं कामात कसूर केली आणि त्याला वर्षभर बायकोपासून दूर राहायची शिक्षा झाली. आठ महिने गेले, चार उरले. हात इतका बारीक झाला की सोन्याचं कडं गळून पडलं. आषाढाच्या पहिल्या दिवशी, आजच्याच तिथीला, त्याला शिखराला टेकलेला ढग दिसला. तिकडे अलकानगरीत त्याची बायको उंबऱ्यावर फुलं मांडून उरलेले महिने मोजते. मांडीवर वीणा घेते, तारा आसवांनी भिजतात, त्या पुसते, आणि स्वतःच बांधलेली चाल विसरते. हे सांगायला कालिदासाला मंदाक्रांतेचे शंभराहून जास्त श्लोक लागले. मराठीत ते आणायला कृष्णशास्त्री चिपळूणकर, चिंतामणराव देशमुख, बा. भ. बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके अशी माणसं पुन्हा पुन्हा बसली, कारण एकाच्या मराठीत ते संपलं असं पुढच्याला वाटलं नाही. पाच जणांची पाच मराठी. मी वर्गात हे सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरची एक हुशार पोरगी म्हणाली, “म्हणजे यक्ष तिला मिस करत होता.” वर्गानं माना डोलावल्या. सगळ्यांना कळलं होतं. पुढचं वाचायची कोणाला गरज उरली नाही.

मराठी गद्याची तर सुरुवातच आठवणीनं झाली. चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामयात्रेच्या मिषानं, म्हणजे आमच्या याच रामटेकाला यायचं निमित्त करून, आणि ऋद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी पोचले. पुढे स्वामी उत्तरापंथे निघून गेले. मागे राहिलेल्यांना करमेना. ते एकमेकांना स्वामींच्या गोष्टी सांगत राहिले, आणि म्हाइंभटांनी त्या माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या, पडताळल्या, लिहून काढल्या. तेराव्या शतकातला तो लीळाचरित्र ग्रंथ, मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, सगळं त्यात आहे. ज्याची उणीव भासते त्याचं जेवणसुद्धा लिहून ठेवावं लागतं, हे त्या माणसांना कळलं होतं.

बघ, ‘मिष’ हा आमचा जुना शब्द. अर्थ निमित्त, सबब. तुझ्या तोंडावळ्याचा आहे, रक्ताचा नाही. पण माझ्या मुलाच्या निरोपात तू जे काम केलंस ते त्या शब्दाचं केलंस. सबब झालास.

तू परका म्हणून मी रागावले, असं कोणी समजू नये. पाव, साबण, चावी, बटाटा पोर्तुगिजांनी आणले, ते आमचे झाले. ‘याद’ फारसी, ती वर मीच तुला ऐकवली. मी स्वतः मास्तरीण, आणि ‘मास्तर’ तुझ्याच गावचा. तू नावाआधी लागणारा ‘मिस’ म्हणून येतोस तेव्हा ‘मिस्ट्रेस’चा तुकडा असतोस, म्हणजे मास्तरचा नातेवाईकच. पण मास्तर आला तो कोणाचं घर मोडून आला नाही. गुरुजी राहिले, पंतोजी बराच काळ राहिले, मास्तर त्यांच्या शेजारी बसला. तू शाळेत शिरलास आणि ‘बाई’ गेली. शेजारची पोरगी शिकवणीला येते, ती मला मिस म्हणते. साठी उलटलेल्या, सून आलेल्या बाईला कुमारी म्हणायचं? ‘बाई’मध्ये मान होता, माया होती, धाकही होता. त्या हाकेला मी तीस वर्षं वळले.

एका ठिकाणी तू प्रामाणिकपणे कामाला आलास, ते नोंदवते. आमची पोरं म्हणतात, “पोचलो की मिस कॉल मारतो.” तो फोन उचलायचाच नसतो. पूर्वी त्यात पैसेही वाचायचे, आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिथे आमच्याकडे आधीचा शब्दच नव्हता, गोष्टही नव्हती. तिथे तू राहा. क्रिकेटच्या मैदानावर राहा, सौंदर्यस्पर्धेच्या पट्ट्यावर राहा. पण आमच्या शब्दांच्या जागी नको. मोल्सवर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आमचे शब्द वेचत फिरला, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचा कोश साठ हजार शब्दांवर गेला. परक्यानं गोळा केलेलं घरच्यांनी सांडायचं, आणि ते सांडायला तुझा हात पुढे, हे मला पाहवत नाही.

माझ्या घरातून मात्र तू आज निघ. मुलगा श्रावणात पंधरा दिवसांसाठी येतो आहे. त्याला मी आवडीचा भरडा-भात आणि कढी करून वाढीन. जेवण झालं की पानाचा डबा पुढे ठेवीन. मग विचारीन, बाळा, त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला, तो तुला कळला नाही, की जमला नाही, की राहून गेला, की टाळलास? चारांतलं जे असेल ते सांग. मी काही बोलणार नाही, मी फक्त ऐकणार आहे.

रामटेकची एक बाई